थंड पर्वतीय प्रदेशातील परसबाग : लडाखमधील द्राक्षवेल व फुलझाडे यांच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : परसबाग, द्राक्षवेल, सुप्तावस्था, शीतकाठिण्य, उष्णतामानाची बेरीज, शीत वाळवंट, वसंतातील पाणीटंचाई

प्रस्तावना

द्राक्ष म्हटले की महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांसमोर नाशिक, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांतील मंडप उभे राहतात, आणि लडाख म्हटले की बर्फ व उजाड डोंगर. या दोन प्रतिमा एकत्र आणण्याची आपल्याला सवय नाही. प्रत्यक्षात लडाखच्या खालच्या भागात, सिंधू नदीच्या काठावरील धा, हानू, गरकोन व दारचिक या गावांत जर्दाळू आणि अक्रोड यांच्या जोडीने द्राक्षेही पिकतात. तेथील ब्रोक्पा समाजातील स्त्री-पुरुष मस्तकावर फुले धारण करतात, आणि ही फुले मुख्यत्वे घरालगतच्या वाफ्यांतून व बांधांवरून येतात. ज्या प्रदेशात हिवाळ्यात नळाचे पाणी गोठते, तेथे वेल आणि फूल घराच्या अंगणात कसे टिकते, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राच्या इतकाच भूगोलाच्या आणि समाजशास्त्राच्या अध्यापकालाही विचारात घेण्याजोगा आहे.

या विषयावरील सर्वसाधारण मार्गदर्शनपर लेखनात एकाच सल्ल्यावर भर दिलेला आढळतो : थंडीला तोंड देणारे वाण निवडावे. हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. वेल किती थंडी सोसते या प्रश्नाला ‘केव्हा’ हा शब्द जोडल्याखेरीज उत्तर मिळत नाही. जानेवारीत शून्याखाली वीस अंश सोसणारा डोळा मे महिन्यात शून्याखाली तीन अंशांनी मरतो. वेल तीच आणि डोळाही तोच असतो. बदललेला असतो तो ऋतू. थंड प्रदेशातील परसबागेचे यशापयश थंडीच्या तीव्रतेपेक्षा तिच्या वेळेवर, आणि लडाखसारख्या कोरड्या प्रदेशात पाण्याच्या वेळेवर, अधिक अवलंबून असते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

वेलीची झोप

महाराष्ट्रातील द्राक्षवेलीला खरी झोप माहीत नाही. आपल्याकडे वर्षातून दोन छाटण्या होतात. एप्रिलमधील खरड छाटणीने काडी तयार करावयाची आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी घेऊन घड काढावयाचे. हिवाळ्याची पुरेशी थंडी न मिळाल्याने डोळे एकसारखे फुटत नाहीत, म्हणून फळछाटणीनंतर काडीला हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावावे लागते. जे काम निसर्गात थंडी करते, ते येथे बागायतदाराला विकत घ्यावे लागते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

थंड प्रदेशात हे चक्र वेगळे चालते. ऑगस्टनंतर दिवस लहान होऊ लागले की वेलीची वाढ मंदावते. हिरवी काडी बुंध्याकडून शेंड्याकडे तपकिरी होत जाते. आपले बागायतदार ज्याला काडी पक्व होणे म्हणतात, तीच ही प्रक्रिया. मात्र येथे तिच्यावर पुढील हंगामाच्या पिकाबरोबरच वेलीचा जीवही अवलंबून असतो. काडीतील पाण्याचे प्रमाण घटते, शर्करेचे वाढते. डोळा आणि काडी यांच्यामधील पाण्याचा मार्ग जवळजवळ बंद होतो. त्यामुळे काडीतील पाणी गोठले तरी डोळ्याच्या आतील सूक्ष्म अंकुरातील पाणी शून्याच्या कितीतरी खाली द्रवरूपच राहते. या अतिशीतनाला मर्यादा असते. ती ओलांडली की पाणी एका क्षणात गोठते आणि अंकुर मरतो. युरोपीय जातीच्या, म्हणजे आपल्या परिचयाच्या द्राक्षांच्या बाबतीत ही मर्यादा भर हिवाळ्यात, वाणानुसार, साधारणपणे उणे १८ ते उणे २३ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते.

परंतु ही मर्यादा एका दिवसात प्राप्त होत नाही. ती सप्टेंबर ते डिसेंबर या काळात हळूहळू कमावली जाते आणि मार्चपासून हळूहळू गमावली जाते. म्हणून शरदातील अवचित थंडी भर हिवाळ्यातील कडाक्यापेक्षा घातक ठरू शकते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात रॉकी पर्वताच्या पश्चिमेस, सुमारे १४०० मीटर उंचीवर, ग्रँड व्हॅली हा द्राक्षपट्टा आहे. तेथे २०२० च्या ऑक्टोबरअखेरीस पारा अचानक शून्याखाली दहा अंशांपलीकडे उतरला. हेच तापमान जानेवारीत आले असते तर त्याची दखलही कोणी घेतली नसती. वेली अद्याप पूर्णपणे झोपलेल्या नसल्याने डोळे आणि खोडे जायबंदी झाली, आणि २०२१ चे उत्पन्न मोठ्या प्रमाणावर घटले.

यातून परसबागेसाठी एक व्यावहारिक नियम निघतो. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात वेलीला नत्र देऊ नये आणि पाणी हळूहळू कमी करावे. ऑगस्टमध्ये शेणखताचा मोठा हप्ता दिलेली वेल सप्टेंबरमध्ये देखणी दिसते, पण तिची काडी हिरवीच राहते आणि अशी काडी हिवाळा पाहत नाही.

डोळ्याच्या रचनेविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. द्राक्षाचा डोळा एकेरी नसतो. त्यात तीन अंकुर दडलेले असतात. मुख्य अंकुर सर्वाधिक फलदायी, पण थंडीला सर्वांत आधी बळी पडणारा. दुसरा काहीसा काटक, परंतु युरोपीय वाणांत तो फारच थोडे घड देतो. तिसरा सहसा केवळ पाने देतो. हिवाळा संपता संपता धारदार पात्याने काही डोळे आडवे कापून पाहिले तर आतील ठिपका हिरवा आहे की तपकिरी, यावरून किती नुकसान झाले ते कळते. वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी याहून सोपा आणि बोधप्रद प्रयोग क्वचितच असेल. अशी तपासणी केल्यावरच छाटणी करावी : दहापैकी पाच अंकुर मेलेले आढळल्यास काडीवर दुप्पट डोळे राखावेत. थंड प्रदेशात छाटणीची घाई करू नये याचे हेही एक कारण आहे. उशिरा छाटलेल्या काडीतून पाणी ठिबकते, ते पाहून नवखा माणूस घाबरतो. त्याने वेलीचे काही बिघडत नाही.

उन्हाळ्याचा हिशेब

हिवाळ्यातून वेल वाचली तरी घड पिकेलच असे नाही. सरासरी तापमान दहा अंशांच्या वर जितके जाईल तितके अंश रोजच्या रोज मिळवीत गेल्यास हंगामाच्या उष्णतेची बेरीज मिळते. लवकर पिकणाऱ्या वाणांनाही ही बेरीज हजार-बाराशेच्या आसपास लागते. लेह शहर सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. तेथे जुलै-ऑगस्टचे सरासरी तापमान १७-१८ अंशांच्या आसपास असते, जूनचे १४ आणि सप्टेंबरचे १३ अंश धरता येईल. ढोबळ हिशेबाने जूनचे १२०, जुलै व ऑगस्टचे प्रत्येकी २३० आणि सप्टेंबरचे ९०, अशी बेरीज ६७० च्या घरात येते. उघड्यावरील द्राक्षासाठी ती तोकडी आहे.

आता सिंधूच्या प्रवाहाबरोबर सुमारे सहाशे-सातशे मीटर खाली उतरावे. उंचीनुसार हवेचे तापमान दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी बदलते, म्हणजे येथे सुमारे चार अंशांची भर पडेल. हे चार अंश वरवर पाहता किरकोळ वाटतात. परंतु ते रोज, पाच महिने मिळतात. मे महिना जो लेहमध्ये हिशेबातच नव्हता तो आता १२० च्या वर भर घालतो, आणि एकूण बेरीज १३०० च्या जवळ पोचते. दुप्पट झाली म्हणावयास हरकत नाही. धा-हानू भागात द्राक्ष आहे आणि लेहच्या उघड्या अंगणात ते अवघड आहे, याचे स्पष्टीकरण बव्हंशी या साध्या गणितात आहे. (हा हिशेब सरासरीवर आधारलेला ढोबळ अंदाज आहे, प्रत्यक्ष दरीचे वळण व उतार यांनुसार तो बदलेल.)

येथेच भिंतीचे महत्त्व लक्षात येते. दक्षिणाभिमुख दगडी वा मातीची भिंत दिवसभर ऊन शोषते आणि रात्री उष्णता परत देते. विरळ व कोरड्या हवेच्या प्रदेशात ऊन प्रखर आणि रात्र थंड असल्याने भिंतीचा हा उपयोग अधिकच जाणवतो. जी वेल उघड्या शेतात पिकणार नाही ती घराच्या भिंतीला बिलगून पिकू शकते. म्हणूनच थंड प्रदेशातील द्राक्ष हे अनेकदा शेताचे पीक नसून घराचे पीक असते. शेतकरी डोंगर हलवू शकत नाही. गृहस्थ मात्र भिंत निवडू शकतो.

भिंतीचा मोह सर्व झाडांच्या बाबतीत धरू नये, हेही तितकेच खरे. जर्दाळू मुळातच लवकर, एप्रिलमध्ये फुलतो. त्याला उबदार भिंतीशी लावले तर तो आणखी लवकर फुलेल आणि उशिरा येणाऱ्या गोठवणाऱ्या रात्रीत सापडेल. द्राक्षवेल मुळात उशिरा जागी होते म्हणूनच तिला ही ऊब परवडते. तसेच थंड हवा जड असते, ती रात्री उतारावरून पाण्यासारखी खाली वाहते आणि सखल जागी साचते. उताराला आडवी बांधलेली कुंपणाची भिंत तिला अडवून धरते, आणि अशा भिंतीच्या वरच्या अंगास लावलेली वेल थंडीच्या डबक्यात उभी राहते.

आपल्याकडे निफाड परिसरात पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरला की बागेत शेकोट्या पेटतात, रात्री पाणी दिले जाते, मणी तडकण्याची धास्ती असते. पर्वतीय परसबागेत फळ थंडीच्या आधीच काढून झालेले असते. तेथील भीती वेलीबद्दल असते. दुसरीकडे, नाशिकच्या बागायतदाराची झोप उडविणारा केवडा रोग लडाखच्या कोरड्या हवेत फारसा संभवत नाही, कारण त्याला पानावर ओल लागते. प्रत्येक हवामान बागायतदाराकडून काही घेते तसे काही सोडूनही देते.

पुरणे, की वाण बदलणे

हिवाळ्यातील कडाक्यावर मानवाने दोन भिन्न मार्गांनी उत्तर शोधले. पहिला मार्ग मध्य आशिया व चीनमधला, वेल जमिनीत पुरण्याचा. चीनच्या निंगशिया प्रांतात आजही शरदात पाने गळाल्यावर वेली छाटून आडव्या निजवतात, त्यांवर माती ओढतात आणि वसंतात पुन्हा उकरून काढतात. यासाठी वेलीचे खोड उभे न ठेवता तिरपे वळवावे लागते, अन्यथा काही वर्षांनी ते जाड होऊन वाकताना मोडते. मोठ्या बागांत या कामाचा खर्च जाचक होतो. दोन-चार वेलींच्या परसात मात्र ते एका सकाळचे काम आहे. पुरण्यापूर्वी जमिनीला भरपूर पाणी द्यावे. ओली जमीन कोरडीपेक्षा सावकाश थंड होते आणि वेल हिवाळ्यात सुकत नाही. मुळांसाठी तर हे फारच महत्त्वाचे आहे, कारण युरोपीय द्राक्षाची मुळे उणे पाच-सात अंशांनाच इजा पावतात. ती जगतात ती मातीच्या पांघरुणामुळे.

दुसरा मार्ग उत्तर अमेरिकेतला, संकराचा. तेथील नदीकाठची रानद्राक्षे उणे ३५ अंशांच्याही खाली तग धरतात. त्यांचा युरोपीय वाणांशी संकर करून मिनेसोटा विद्यापीठाने १९९६ मध्ये ‘फ्रॉन्टेनॅक’ आणि २००६ मध्ये ‘मार्केट’ हे वाण प्रसारित केले. विद्यापीठाबाहेर, विस्कॉन्सिनमधील शेतकरी एल्मर स्वेन्सन (१९१३-२००४) यांनी आयुष्यभर अशाच संकरांचे काम केले आणि आपल्या वेली इतरांना मुक्तहस्ते दिल्या. या संकरांचा आणखी एक गुण असा की मुख्य अंकुर मेला तरी दुसऱ्या अंकुरावरही त्यांना बऱ्यापैकी घड येतात.

तथापि संकरित वाण म्हणजे सर्व प्रश्नांचे उत्तर नव्हे. रानद्राक्षाचा अंश असलेल्या वेली झोपतात लवकर आणि जाग्याही लवकर होतात. वसंतात दोन उबदार आठवडे आले की त्यांचे डोळे फुगतात, आणि नंतर एक गोठवणारी रात्र पुरेशी होते. उणे ३५ अंश सोसणारी वेल उणे तीन अंशांनी पोळते ती अशी. लेखाच्या प्रारंभी ‘केव्हा’ या शब्दावर जो भर दिला त्याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

कलमी रोपाविषयी एक सूचना आवश्यक वाटते. महाराष्ट्रात पाण्याचा ताण आणि क्षार यांवर उपाय म्हणून ‘डॉगरिज’सारख्या खुंटावर कलम करण्याची पद्धत रूढ आहे आणि ती येथे योग्यच आहे. पण जेथे वेल जमिनीपर्यंत मरण्याची शक्यता असते, तेथे कलम मेल्यावर जे फुटते तो खुंट असतो. घरमालक दोन वर्षे त्याची निगा राखतो आणि हाती रानवेल येते. अशा ठिकाणी परसात स्वतःच्या मुळांवरची, काडी लावून वाढविलेली वेलच बरी; ती पुन्हा फुटली तरी तीच असते. शिवाय एकच जाड खोड राखण्यापेक्षा जमिनीतून दोन-तीन खोडे वाढवावीत. एक मेले तर दुसरे असते.

फुलझाडे

फुलांच्या बाबतीत थंडीचे गणित बरेचसे उलट आहे. ट्यूलिपसारख्या कंदाला फुलण्यापूर्वी बारा-सोळा आठवडे गारवा लागतो. महाराष्ट्रात तो शीतगृहात द्यावा लागतो. पर्वतात तो फुकट मिळतो. श्रीनगरमध्ये झबरवान टेकड्यांच्या पायथ्याशी २००७ मध्ये ट्यूलिपची मोठी बाग खुली झाली, ती या नैसर्गिक देणगीवरच उभी आहे. हिमाचल प्रदेशातील लाहौलमध्ये लिलियमची लागवड झाली, तिलाही थंड उन्हाळ्याचा आधार आहे.

लाहौल आणि लडाख यांच्यात मात्र एक भेद आहे. लाहौलमध्ये हिवाळ्यात जाड बर्फ साचते. लेह परिसरात वर्षाकाठी सगळे मिळून सुमारे १०० मिलिमीटरच वर्षाव होतो, त्यामुळे तेथे जमीन बहुधा उघडी असते. बर्फ थंड असले तरी ते उत्तम पांघरूण आहे; हातभर बर्फाखालील मातीचे तापमान शून्याच्या आसपास टिकते. बर्फ नसलेली जमीन मात्र खोलवर गोठते. म्हणून जो बहुवर्षायू कंद लाहौलमध्ये निर्धास्त झोपेल, तो लडाखमध्ये पेंढा, वाळलेली पाने वा शेणखताचा थर मागतो. कमी बर्फ म्हणजे झाडाला कमी त्रास, ही आपली सपाट प्रदेशातील समजूत येथे पार उलटी पडते.

एकवर्षायू फुलांना हा प्रश्न नाही. झेंडू, कॉसमॉस, सूर्यफूल, गुलखैरा ही मंडळी लडाखच्या अंगणात उन्हाळाभर फुलतात, आणि त्यांचे रंग आपल्याकडच्यापेक्षा गडद दिसतात. प्रखर प्रकाश व गार रात्री यांमुळे पाकळ्यांत लाल-जांभळ्या रंगद्रव्यांची निर्मिती वाढते, शिवाय गारव्यात फूल अधिक दिवस टिकते. ब्रोक्पांच्या शिरोभूषणात दिसणारी नारिंगी कंदिले तर खरे म्हणजे फुले नव्हेतच. ती आपल्याकडील चिरबोटाच्या कुळातील एका झाडाच्या फळावरची आवरणे आहेत. ती वाळली तरी रंग सोडत नाहीत. ताजी फुले वर्षातून फार थोडे महिने मिळत असताना, वाळूनही न कोमेजणारे काही शोधून काढणे यात त्या समाजाची नजर दिसते.

पाणी

आतापर्यंतचे विवेचन तापमानाचे होते. लडाखच्या परसातील खरा पेच मात्र अनेकदा पाण्याचा असतो, आणि तोही प्रमाणापेक्षा वेळेचा. डोळे एप्रिलअखेर ते मे महिन्यात फुटतात. हिमनद्यांचे पाणी जूनमध्ये जोराने उतरू लागते. मधले पाच-सहा आठवडे ओढे जेमतेम वाहतात, आणि नेमके याच काळात शेतात जव-गव्हाची पेरणी असते. गावाने नेमलेला ‘चुरपोन’ पाण्याच्या पाळ्या लावतो. दाण्याच्या पिकाला अग्रक्रम मिळणे स्वाभाविक आहे. परसातील वेल आणि फुले यांची पाळी शेवटी येणार. फुलझाडाची पेरणी पंधरा दिवस पुढे ढकलता येते, पण फुटलेला डोळा थांबत नाही. त्या कोवळ्या फुटीवरच त्या वर्षाचे घड असतात.

अभियंता चेवांग नोर्फेल यांनी १९८७ पासून कृत्रिम हिमनद्या उभारल्या त्या याच दरीवर पूल घालण्यासाठी. हिवाळ्यात वाया जाणारे ओढ्याचे पाणी सावलीच्या उतारावर अडवून थरांनी गोठवावयाचे, आणि गावाच्या जवळ व कमी उंचीवर असल्याने ते एप्रिल-मेमध्येच वितळावे, अशी ही योजना. त्यांना २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१३-१४ च्या हिवाळ्यापासून सोनम वांगचुक यांनी बर्फाच्या स्तूपांचा प्रयोग केला. शंकूच्या आकारामुळे उन्हाला कमी पृष्ठभाग मिळतो आणि बर्फ अधिक काळ टिकते. दोन्ही उपाय पाण्याचे प्रमाण वाढवीत नाहीत. ते पाण्याची तारीख बदलतात.

उलट दिशेने खेचणाऱ्या गोष्टीही आहेत. पर्यटनाबरोबर लेह परिसरात पाण्याने धुतली जाणारी शौचालये आणि विंधनविहिरी वाढल्या. पारंपरिक लडाखी घरातील कोरडे शौचालय पाणी वापरत नव्हते, आणि वसंतात शेताला खतही पुरवीत होते. पाहुण्यांसाठी अंगण फुलांनी सजविणारे घर आणि भूजल उपसणारे घर अनेकदा एकच असते. यात कोणा एकाला दोष देण्याचे कारण नाही. परंतु उद्यानविद्येच्या नियतकालिकांत वाण आणि खते यांवर जितके लिहिले जाते, त्याच्या एक दशांशही या वेळापत्रकावर लिहिले जात नाही, हे खटकते.

पाळीची वाट पाहत असलेल्या वेलीसाठी घरच्या पातळीवर जे करता येते ते थोडे आहे, पण निरुपयोगी नाही. शरदात जमीन तुडुंब भिजवून ठेवावी. हिवाळ्यात ती ओल गोठून राहते आणि वसंतात मुळांना मिळते. उकरून काढलेल्या वेलीच्या बुंध्याभोवती पेंढ्याचे आच्छादन घालावे, मात्र जमीन थोडी तापल्यानंतरच, कारण लवकर घातलेले आच्छादन माती गारच ठेवते. मे महिन्यात भाज्या-भांडी धुतलेले साबणविरहित पाणी आठवड्याला दोन-तीन बादल्या मिळाले तरी एक वेल जूनपर्यंत निभावते. उत्तम उतार, उत्तम भिंत आणि उत्तम वाण निवडूनही जी वेल मे महिन्यात सुकते, तिला या बादल्यांपलीकडे काही लागत नसते. मोरीच्या दारापासून वेलीपर्यंतचे अंतर जितके कमी, तितकी त्या बादल्या तिथवर पोचण्याची शक्यता अधिक, म्हणून वेलीची जागा ठरविताना दक्षिणेच्या भिंतीइतकाच विचार मोरीच्या दाराचाही करावा.